पर्यटनाची पदवी : एका उपेक्षित विद्याशाखेचा पूर्वेतिहास

#धागा #इतिहास #पर्यटन

१/
‘पर्यटन व्यवस्थापनाला प्रवेश घेतला’ असे एखाद्या मुलाने घरी सांगितले की आजी विचारते, ‘म्हणजे गाइड होणार का रे तू?’ आणि काका विचारतात, ‘दुसरीकडे कुठे नंबर नाही लागला वाटतं?’ आजीचा प्रश्न निरागस असतो, काकांचा नसतो. पण या विषयाविषयी आपल्या समाजाचे जे मत आहे ते या दोन प्रश्नांत संपूर्ण सामावलेले आहे. हे मत कसे बनले आणि त्याला विद्यापीठे स्वतः किती जबाबदार आहेत, याचा हा धागा. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
सुरुवात नेहमीच्या ठिकाणापासून. ५ जुलै १८४१. इंग्लंडमधील लेस्टर ते लाफबरो हा जेमतेम काही मैलांचा रेल्वेप्रवास. थॉमस कुक नावाच्या बत्तीस वर्षांच्या सुताराने, जो बाप्टिस्ट पंथाचा प्रचारकही होता, एक शिलिंगात सुमारे पाचशे माणसांना दारूबंदीच्या सभेला नेले. पर्यटनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाचे पहिले पान हेच असते आणि विद्यार्थी ते तारखेसह पाठ करतात.

३/
पाठ करताना एक गोष्ट मात्र सुटते. कुकला त्या दिवशी नफा कमवायचा नव्हता. कामगारवर्ग सुट्टीच्या दिवशी गुत्त्यात जाऊ नये, त्याला दुसरे काही आनंदाचे मिळावे, ही त्याची चिंता होती. सहलीचा धंदा नंतर झाला, आधी ती समाजसुधारणा होती. पर्यटनाच्या जन्मपत्रिकेतील हे पहिले घर आपण ‘उद्योगाचा आरंभ’ या मथळ्याखाली झाकून टाकले.

४/
कुकच्या गोष्टीचे दुसरे प्रकरण तर आपल्या मुंबईत घडले आणि ते आपल्याकडच्या वर्गांत क्वचितच शिकवले जाते. १८६५ साली मक्केत पटकीची साथ उद्भवली आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती युरोपपर्यंत पोचली. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि तेथे बोट हिंदुस्थानातून निघणाऱ्या हज यात्रेकरूंकडे दाखवण्यात आले. त्या यात्रेकरूंचे प्रमुख बंदर होते मुंबई.

५/
जहाजांत माणसे कोंबली जात, दलाल मनमानी भाडे घेत आणि परतीच्या भाड्याला पैसे न उरलेले गरीब यात्रेकरू जेद्द्यात अडकून पडत. अखेर १८८६ साली हिंदुस्थान सरकारने ही हज-वाहतुकीची व्यवस्था ‘थॉमस कुक अँड सन’ या पेढीकडे सोपवली. पुढील दशकात हा प्रयोग गुंडाळला गेला. पण प्रश्न पाहा : तिकिटाचा दर, जहाजाची क्षमता, साथीचा धोका, मध्यस्थांची साखळी, परतीची हमी, सरकारची जबाबदारी. आजच्या पर्यटन व्यवस्थापनाचा संपूर्ण अभ्यासक्रम मुंबईच्या गोदीत उभा होता!

६/
अर्थात आपल्याला यात्रेची व्यवस्था इंग्रजांनी शिकवली असे मुळीच नाही. १७३५ साली थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या तीर्थयात्रेला गेल्या, तेव्हा वाटेतल्या प्रत्येक सत्तेशी सुरक्षिततेचे बोलणे झाले होते. अहिल्याबाई होळकरांनी घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे यांचे जे जाळे देशभर विणले, ते आजच्या भाषेत पायाभूत सुविधांचे नियोजनच होय. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आहेत. कोणता यजमान, कोणत्या गावचा, कोणाबरोबर आला, याचा इतका चिवट दप्तरखाना कोणत्याही प्रवासी कंपनीपाशी नसेल.

७/
आणि गाडगेबाबा. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. ‘यात्रेकरू राहणार कोठे आणि कोणाला कोठे राहू दिले जाणार नाही’ हा प्रश्न त्यांनी ओळखला होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा पुढे त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. निवासव्यवस्थेचा सामाजिक इतिहास शिकवायचा असेल तर यापेक्षा चांगले उदाहरण कोठून आणणार? पण ‘अकोमोडेशन मॅनेजमेंट’च्या तासाला चादरीचे कोपरे कसे दुमडावेत हे शिकवले जाते. (तेही यावे, मी चादरीच्या विरोधात नाही.)

८/
आता विद्यापीठाकडे वळू. हा विषय शिकवण्याच्या वर्गात आला तो हॉटेलच्या मागच्या दाराने. १८९३ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे जाक चूमी या हॉटेलमालकाने जगातील पहिली हॉटेलशाळा काढली. तिचे पहिले वर्ग एका हॉटेलातच भरत. १९२२ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने हॉटेल-प्रशासनाचा अभ्यासक्रम सुरू केला. दोन्हींचा हेतू स्वच्छ होता : धंद्याला प्रशिक्षित माणसे हवीत.

९/
‘प्रवासी माणूस’ हा स्वतःच अभ्यासाचा विषय होऊ शकतो, ही कल्पना मात्र बर्लिनची. १९२९ साली तेथील व्यापार महाविद्यालयात रॉबर्ट ग्लुक्समन यांनी पर्यटन-संशोधनाची संस्था स्थापली. लोक का हिंडतात, कोठे जातात, त्यांच्या येण्याने गावाचे काय होते, हे प्रश्न तेथे अर्थशास्त्र, भूगोल आणि समाजशास्त्र यांच्या संगतीने विचारले गेले.

१०/
ग्लुक्समन ज्यू होते. नाझी सत्तेवर आले आणि १९३४ साली ही संस्था बंद पडली. त्यांचे मुख्य पुस्तक पुढच्या वर्षी जर्मनीत नव्हे तर स्वित्झर्लंडमधील बर्न येथून प्रसिद्ध झाले.

११/
येथे क्षणभर थांबावे. ज्या राजवटीने पर्यटनाच्या अभ्यासाची संस्था गुंडाळली, त्याच राजवटीने नोव्हेंबर १९३३ मध्ये ‘आनंदातून शक्ती’ नावाची संघटना उभी करून कामगारांच्या सहलींचा त्या काळातला सर्वांत अवाढव्य कार्यक्रम राबवला. जहाजे काढली, १९३६ साली बाल्टिक किनाऱ्यावर प्रोरा येथे मैलोगणती लांब विश्रामगृह बांधायला घेतले, ते कधी पुरे झाले नाही. म्हणजे हुकूमशाहीला पर्यटन हवे होते, पर्यटनाविषयी प्रश्न विचारणारा माणूस नको होता. ‘यात राजकारण कुठे आले?’ असे विचारणाऱ्यांसाठी ही दोन वर्षे पुरेशी आहेत.

१२/
यानंतरचा प्रसंग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटतो. १९४१-४२. महायुद्ध पेटलेले. स्वित्झर्लंड चहूबाजूंनी वेढलेला, सीमा बंद, हॉटेले ओस. नेमक्या त्याच काळात बर्न आणि सेंट गॅलन येथे पर्यटनाच्या अभ्याससंस्था निघाल्या आणि वॉल्टर हुंझिकर व कुर्ट क्राप्फ या दोघांनी १९४२ साली पर्यटनाच्या सामान्य सिद्धांताचा ग्रंथ लिहिला. पर्यटनाचे शास्त्र लिहिले गेले तेव्हा दारात पर्यटक नव्हता! गल्ल्यावर गर्दी नसेल तेव्हाच दुकानदाराला दुकानाचा अर्थ कळतो, असे म्हणावे काय?

१३/
त्यांची व्याख्या आजही शिकवली जाते. तिचा आशय असा : परक्या माणसांच्या प्रवासातून आणि मुक्कामातून जे जे संबंध आणि ज्या ज्या घटना निर्माण होतात त्यांची गोळाबेरीज म्हणजे पर्यटन; मात्र तो मुक्काम कायमच्या वस्तीत बदलू नये आणि तो कमाईसाठी नसावा. ‘संबंध’ हा शब्द ध्यानात ठेवावा. हॉटेल, विमान, पैसा हे शब्द व्याख्येत नाहीत. मध्यवर्ती आहे तो पाहुणा आणि यजमान यांचा संबंध.

१४/
या व्याख्येत वारकरी बसतो का? तो कमवायला निघालेला नाही, पंढरपुरात कायमचा राहणार नाही, म्हणजे बसतो. पण वारकऱ्याला ‘पर्यटक’ म्हणून पाहा, काय उत्तर मिळते! आणि तरीही एक लाखाच्या आतबाहेर वस्तीच्या गावात आषाढीला दहा-दहा लाखांवर माणूस उतरतो, तेव्हा पाणी, शौचकूप, दर्शनबारी, वाळवंटातील गर्दी हे प्रश्न भक्तीने सुटत नाहीत. कोणीतरी आकडेमोड करून ते सोडवावेच लागतात. व्याख्या आणि वास्तव यांच्यातील ही ओढाताण वर्गात मांडली तर तास रंगेल. बहुधा व्याख्या दोन गुणांसाठी लिहून घेतली जाते.

१५/
आता हिंदुस्थान. १९४५ साली, महायुद्ध संपत असताना, सरकारने पर्यटनाच्या शक्यता तपासण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते सर जॉन सार्जंट. हे गृहस्थ कोण? रेल्वेचे अधिकारी? व्यापारखात्याचे? नव्हे. ते भारत सरकारचे शिक्षण सल्लागार होते. देशातील पहिल्या पर्यटन समितीच्या डोक्यावर शिक्षणखात्याचा माणूस!

१६/
१९४६ साली अहवाल आला. स्वतंत्र पर्यटन यंत्रणा उभारावी, मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास येथे प्रादेशिक कार्यालये काढावीत, असा त्याचा रोख होता. १९४९ साली वाहतूक मंत्रालयात पर्यटनाची शाखा निघाली, १९५८ साली स्वतंत्र विभाग झाला, १९६३ साली झा समितीने पुन्हा लक्ष वेधले, १९६६ साली भारत पर्यटन विकास महामंडळ आले. साऱ्याच्या मुळाशी एक हाव होती आणि नव्या, गरीब देशाच्या दृष्टीने ती रास्तही होती : परकीय चलन.

१७/
ही हाव अभ्यासक्रमात कशी उतरली ते पुढे पाहू. त्याआधी एक आडवळण. आपल्याकडील हॉटेल-शिक्षण मात्र पर्यटकाच्या ताटातून जन्मलेच नाही. ते जन्मले अन्नटंचाईतून. १९५४ साली मुंबईत अखिल भारतीय महिला मध्यवर्ती अन्न परिषदेने लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने केटरिंगची संस्था काढली, तीच आजची दादरची हॉटेल मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट. रेशनचे दिवस होते. मोठ्या प्रमाणावर, स्वस्तात, पौष्टिक अन्न कसे शिजवावे हा तेव्हाचा राष्ट्रीय प्रश्न होता. म्हणूनच या संस्था १९८२ पर्यंत केंद्रातील अन्नखात्याकडे होत्या. पर्यटनखात्याकडे त्या नंतर आल्या.

१८/
पर्यटन हा विषय आपल्याकडे पदवीच्या पातळीवर आला १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दिल्ली विद्यापीठाच्या कॉलेज ऑफ व्होकेशनल स्टडीजमधून. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सरे आणि स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठांत पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले. म्हणजे आपण उशिरा पोचलो असे नाही. वेळेवर पोचलो, पण वेगळ्या दाराने. तिकडे विषय संशोधनाच्या दाराने आला, इकडे ‘व्यवसाय-शिक्षण’ या पाटीखाली. आपल्याकडे ‘व्होकेशनल’ या शब्दाला जी पायरी दिली जाते, ती या विषयाच्या कपाळी तेव्हापासून चिकटली.

१९/
पुढे १९८२ चे पहिले पर्यटन धोरण, १९८३ साली भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था (आधी दिल्लीत, १९९२ पासून ग्वाल्हेरला), मग विद्यापीठांचे विभाग. मराठवाड्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठात पर्यटन प्रशासनाचा विभाग आहे. त्याच्या अंगणात वेरूळ, थोड्या अंतरावर अजिंठा. जगातील फार थोड्या विभागांना अशी प्रयोगशाळा लाभली असेल.

२०/
याच दशकांत तिकडे काय चालले होते? १९७३ साली जाफर जाफरी यांनी पर्यटन-संशोधनाचे नियतकालिक सुरू केले. १९७६ साली डीन मॅकॅनेल या समाजशास्त्रज्ञाने पर्यटकाला आधुनिक माणसाचे प्रतीक मानून ग्रंथ लिहिला. १९७७ साली व्हॅलीन स्मिथ यांनी मानववंशशास्त्रज्ञांकडून यजमान आणि पाहुणे यांवर लेख लिहवून घेतले. १९८० साली रिचर्ड बटलर यांनी पर्यटनस्थळाचे जीवनचक्र मांडले : शोध, सहभाग, विकास, दृढीकरण, साचलेपण आणि मग घसरण किंवा पुनरुज्जीवन.

२१/
बटलरचा तो वक्र आपले विद्यार्थी परीक्षेत सुबक काढतात. पण त्या वक्रावर माथेरान कोठे ठेवाल? १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट डोंगर चढून गेला, १९०७ साली पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून छोटी गाडी वर पोचली, मोटारींना बंदी राहिली, २००३ साली परिसर पर्यावरण-संवेदनशील ठरला. आणि माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा मात्र २०२५ पर्यंत चालू होत्या; त्या टप्प्याटप्प्याने बंद करा, असे अखेर सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. त्या रिक्षा ओढणाऱ्यांचे पुढे काय, ई-रिक्षा कोणाच्या मालकीच्या असाव्यात, घोडेवाल्यांचे काय : हा प्रबंधाचा विषय आहे. बटलरच्या वक्रात घोडेवाला नाही. आपण तो घालायला हवा होता.

२२/
सिंधुदुर्ग घ्या. १९९७ साली देशातील पहिला ‘पर्यटन जिल्हा’ म्हणून तो घोषित झाला. चिपीचा विमानतळ प्रवासी वाहतुकीला खुला झाला ऑक्टोबर २०२१ मध्ये. मधली चोवीस वर्षे म्हणजे धोरण आणि अंमल यांच्यातील अंतराचा आयता अभ्यास. दरम्यान मालवण-तारकर्लीत घरगुती खानावळी, निवास-न्याहारी, समुद्रतळ दाखवणारे तरुण यांनी जे उभे केले ते विमानतळाची वाट न पाहता. त्यांनी ते कोणत्या पदवीने केले? हा प्रश्न विद्यापीठांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

२३/
१९९७ सालचीच आणखी एक गोष्ट. जॉन ट्राइब या ब्रिटिश अभ्यासकाने असा युक्तिवाद केला की पर्यटन ही स्वतंत्र ज्ञानशाखा नाहीच. शीर्षकात त्यांनी कोटी केली होती : इंग्रजीत ज्ञानशाखा आणि शिस्त यांना एकच शब्द आहे, त्याला नकार जोडून त्यांनी पर्यटनाची ‘बेशिस्त’ दाखवली. त्यांच्या मते येथे दोन क्षेत्रे आहेत : एक पर्यटनाच्या व्यवसायाचे, दुसरे व्यवसायाबाहेर उरलेल्या सगळ्याचे, म्हणजे समाज, पर्यावरण, संस्कृती यांवरील परिणामांचे.

२४/
माझे मत आता स्पष्टच लिहितो. आपल्या बहुतेक अभ्यासक्रमांनी यांतले पहिले क्षेत्र उचलले आणि दुसरे एका ‘ऐच्छिक’ पेपरात कोंबले. परकीय चलनाची १९४६ ची दृष्टी जशीच्या तशी वर्गात आली. किती आले? किती खर्चले? हे दोन प्रश्न आपण शिकवतो. किती मावतात? कोणाचे काय गेले? हे दोन प्रश्न शिकवत नाही.

२५/
आणि गंमत अशी की ज्या ‘नोकरी’च्या नावाखाली हे केले, ती नोकरीही हातात राहिली नाही. वर्षानुवर्षे मुलांना विमान-आरक्षणाच्या संगणकप्रणाली घोटवल्या. २००२ साली रेल्वेची तिकिटे संकेतस्थळावर आली, मग विमानाची, मग हॉटेलांची. ज्या खिडकीमागे बसण्यासाठी पदवी दिली ती खिडकीच प्रवाशाच्या खिशात गेली. यंत्र शिकवलेला माणूस यंत्राबरोबर जुना होतो. गर्दी, करार, कायदा, भाषा आणि माणूस शिकलेला इतक्या लवकर होत नाही.

२६/
‘हे सगळे पोट भरलेल्यांचे तत्त्वज्ञान आहे, मुलाला पहिल्या वर्षी पगार कसा मिळेल ते सांगा,’ असा आक्षेप येईल आणि तो मला हलका वाटत नाही. या विषयाला येणारी कितीतरी मुले घरातील पहिली पदवीधर असतात. त्यांना मॅकॅनेल देऊन घरी पाठवणे हा अन्यायच. पण मराठी सहल-उद्योगाचाच अनुभव पाहा. १९८४ साली केसरी पाटलांनी कंपनी काढली तेव्हा त्यांच्यासारख्यांनी ओळखले काय? मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाला परमुलखात आपली भाषा बोलणारा, सासूबाईंच्या औषधांची वेळ सांभाळणारा, पोळी-भाजीची सोय करणारा माणूस सोबत हवा आहे. हे ज्ञान समाजाच्या निरीक्षणातून आले, सॉफ्टवेअरमधून नव्हे. आणि त्यावर उद्योग उभा राहिला.

२७/
दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा. इतिहासाचे काही प्राध्यापक म्हणतात, हा विभागच बंद करा, किल्ले आणि लेणी आम्ही शिकवतो. हेही मला मान्य नाही. मी स्वतः इतिहासाच्या बाजूचा माणूस. आमच्या लोकांना किल्ल्याचा चुना कोणत्या काळचा ते कळते, पण पावसाळ्यातल्या रविवारी गडावर किती माणसे चढतात, त्यांना किती शौचालये लागतील, टाक्यातले पाणी कोण तपासणार, वाहने पायथ्याच्या कोणाच्या शेतात उभी राहणार आणि त्या शेतकऱ्याला काय मिळणार, हे आम्हाला कळत नाही. ते कळणारा माणूस वेगळा घडवावा लागतो.

२८/
आणि तो आता तातडीने हवा आहे. ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ जागतिक वारसा यादीत गेला : बारा किल्ले, त्यांतले अकरा महाराष्ट्रात, बारावा तामिळनाडूतील जिंजी. आनंद झाला, फटाके फुटले, ते योग्यच. पण वारसा-दर्जा म्हणजे बक्षीस नव्हे, ती व्यवस्थापनाची लेखी हमी असते. साल्हेर, सुवर्णदुर्ग, खांदेरी यांसारख्या ठिकाणी माणूस न्यायचा, परत आणायचा आणि जागा होती तशी ठेवायची, यासाठी लागणारी माणसे कोणत्या वर्गात बसली आहेत?

२९/
इमारती बांधून हे होत नाही, याचा धडा अजिंठ्याने दिला आहे. जपानी कर्जाच्या साहाय्याने तेथे भव्य अभ्यागत केंद्र उभे राहिले, त्यात १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या. मूळ लेण्यांवरचा श्वासांचा आणि गर्दीचा भार कमी व्हावा, ही कल्पना उत्तम होती. पुढे वीज आणि पाण्याच्या थकबाकीपायी ते केंद्र बंद पडल्याच्या बातम्या वाचाव्या लागल्या. कल्पना चांगली, बांधकाम चांगले, आणि चालवण्याचा हिशेब कच्चा. ‘व्यवस्थापन’ या शब्दाचा अर्थ या एका उदाहरणातून सहा महिने शिकवता येईल.

३०/
हिशेब कच्चा राहिला की केवळ पैसे जातात असेही नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसे गेली. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीला अडीचशेहून अधिक. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीखाली इंद्रायणीत कोसळला. चार जण दगावले. प्रत्येक वेळी ‘दुर्दैव’ हा शब्द छापला गेला. अरुंद वाट, दोन्ही दिशांची गर्दी, ओली फरशी, धोकादायक म्हणून माहीत असलेला पूल : यांत दैवाचा भाग फार थोडा आहे.

३१/
या घटनांवरील चौकशी अहवाल, वृत्तांत, नकाशे पर्यटन व्यवस्थापनाच्या द्वितीय वर्षाला सक्तीचे वाचन म्हणून लावावेत, असे माझे म्हणणे आहे. वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदन करतो, स्थापत्याचा विद्यार्थी कोसळलेल्या पुलाचा अभ्यास करतो. पर्यटनाच्या विद्यार्थ्याला मात्र आपण फक्त सुंदर माहितीपत्रके दाखवतो.

३२/
मग अभ्यासक्रमात काय असावे? पहिले सत्र हज-जहाजे, धर्मशाळा आणि थॉमस कुक यांना द्यावे. जमिनीचा, वनांचा, किनारपट्टीचा कायदा शिकवावा, कारण रिसॉर्टच्या भांडणांचे मूळ तेथेच असते. साथरोग आणि स्वच्छता शिकवावी. मोडी वाचता येणारा एखादा तरी विद्यार्थी प्रत्येक तुकडीत निघावा. आणि एक संपूर्ण सत्र एकाच गावात राहून काढावे : हरिहरेश्वर असो, भंडारदरा असो, औंढा नागनाथ असो. तेथे येणाऱ्यांची मोजणी करावी, दुकानदारांशी बोलावे, कचरा तोलावा आणि शेवटी ते सारे ग्रामसभेपुढे मराठीत मांडावे. गावाने प्रश्न विचारले आणि विद्यार्थ्याला उत्तरे देता आली तर गुण द्यावेत.

३३/
इंग्रजीविषयी चार शब्द. परदेशी पाहुण्यासाठी इंग्रजी हवीच. फ्रेंच, जपानीही हवी. परंतु आपल्याकडे हिंडणाऱ्यांत देशी माणूस बहुसंख्य आहे आणि ज्या गावात तो हिंडतो ते गाव मराठी बोलते. तरीही या विषयाचे धड मराठी पाठ्यपुस्तक शोधताना दमछाक होते. जो विषय मुळात यजमान आणि पाहुणा यांच्या संबंधाचा, तो यजमानाच्या भाषेत उपलब्ध नसावा, हे विचित्र आहे.

३४/
बारावीनंतर हा विषय घेऊ का, असे विचारणारे संदेश मला येतात. माझे उत्तर : घ्या, पण विभाग पाहून घ्या. माहितीपत्रकातला विमानाचा फोटो पाहू नका. मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प-अहवाल मागून वाचा. ते एखाद्या खऱ्या जागेविषयी आहेत की संकेतस्थळावरून उतरवलेले आहेत, हे दहा मिनिटांत कळते. शिक्षकांत कोणी इतिहासाचा, कोणी भूगोलाचा, कोणी प्रत्यक्ष सहली नेलेला आहे का, ते विचारा. आणि क्षेत्रकार्याचे दिवस किती, ते नक्की विचारा. वर्षाकाठी एक ‘स्टडी टूर’ असे उत्तर आले तर ती सहल आहे, अभ्यास नव्हे.

३५/
नाशिकला पुढचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. महाराष्ट्रातील पर्यटन विभागांची मुले तेथे केवळ स्वयंसेवकाची टोपी घालून उभी असतील, की रामकुंडाकडे येणाऱ्या वाटांची मोजणी हातात घेऊन नियोजनाच्या बैठकीत बसतील, हे विद्यापीठांनी आजच ठरवायचे आहे. कारण मोजणी आदल्या दिवशी करता येत नाही.

३६/
पुढचा धागा मुंबई गोदीतील हज-दलाल आणि कुक पेढीच्या कराराविषयी. कोणाच्या घरी त्या काळची जहाजाची तिकिटे, पत्रे किंवा तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची छायाचित्रे असतील तर जरूर कळवावे.